स्टेट पार्कात तंबू ठोकण्याआधी: आरक्षण, अस्वल आणि चिवड्याचा चुरा

अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबाला कॅम्पिंगची हुक्की येते ती बहुधा जूनमध्ये, मुलांच्या शाळा सुटल्यावर. ऑफिसातलं कोणीतरी फोटो दाखवतं, कॉस्टको या घाऊक दुकानातून तंबू घरी येतो, आणि रात्री मुलं झोपल्यावर आरक्षणाचं संकेतस्थळ उघडावं तर ऑगस्टअखेरपर्यंतचे सगळे शनिवार भरलेले. त्यातून एखादी जागा मिळालीच तर फाटकावर प्रश्नांची सरबत्ती: गाड्या किती, माणसं किती, लाकूड कुठून आणलं, खाण्याचे डबे कुठे ठेवणार? कॉलेजात असताना हरिश्चंद्रगडावर जाऊन गुहेत पथारी पसरलेल्या माणसाला हा कारभार जरा अतीच वाटतो. मजा करायला आलोय की पासपोर्ट काढायला?

कारभार किचकट आहे खरा. पण त्यातल्या जवळपास प्रत्येक नियमाच्या मुळाशी एखादं झाड, एखादा किडा, एखादा पक्षी किंवा शेजारच्या तंबूतलं तान्हं मूल आहे. ते एकदा कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. मी कॅलिफोर्नियात राहते, त्यामुळे बहुतेक उदाहरणं इथलीच येतील. इतर राज्यांत आकडे बदलतात, कारणं फारशी बदलत नाहीत.

पार्क कोणाचं, पास कोणाचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. योसेमिटी, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन ही नॅशनल पार्क्स: मालक केंद्र सरकार, कारभार नॅशनल पार्क सर्व्हिसचा. नॅशनल फॉरेस्ट हा त्याहून वेगळा प्रकार. तोही केंद्राचाच, पण कृषी खात्याच्या वनसेवेकडे. स्टेट पार्क मात्र त्या त्या राज्याचं. म्हणजे पन्नास राज्यं, पन्नास खाती आणि पन्नास तऱ्हेचे दर. नॅशनल पार्कांचा वर्षाचा ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ पास स्टेट पार्काच्या फाटकावर दाखवलात तर रेंजर हसून नाही म्हणेल. मिशिगनमध्ये गाडीच्या नोंदणीबरोबर थोडे पैसे जास्त भरले की वर्षभराचा प्रवेश मिळतो. पेनसिल्व्हेनियात प्रवेशाला पैसेच पडत नाहीत, पण पार्कात दारूला पूर्ण बंदी. कॅलिफोर्नियात दिवसाचं पार्किंग वेगळं आणि रात्रीचा मुक्काम वेगळा; तंबूच्या साध्या जागेला रात्रीचे साधारण ३५ डॉलर किंवा जास्त, वर आरक्षणाचे आठेक डॉलर.

हा दोन थरांचा कारभार आला कुठून? १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी योसेमिटीची दरी आणि मारिपोसाची सिकोया झाडं कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली. म्हणजे आज नॅशनल पार्क म्हणून जगभर गाजणारी ती दरी आधी राज्याकडे होती. १९०६ मध्ये ती केंद्राकडे परत गेली. न्यूयॉर्कने १८८५ मध्ये नायगाऱ्याच्या काठची जमीन राखली, मिनेसोटाने १८९१ मध्ये मिसिसिपीचा उगम असलेलं इटास्का, कॅलिफोर्नियाने १९०२ मध्ये बिग बेसिनचे रेडवूड नावाचे उंच वृक्ष. पुढे जो तो आपल्या गावाजवळचं रान नॅशनल पार्क करा म्हणून मागे लागला, तेव्हा नॅशनल पार्क सर्व्हिसचे पहिले संचालक स्टीफन मेदर यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये आयोवातल्या डे मॉइन शहरात परिषद भरली. सूर असा की देशाच्या तोलामोलाच्या जागा केंद्राने सांभाळाव्यात आणि लोकांच्या घराजवळच्या राज्यांनी. १९३३ ते १९४२ या काळात मंदीने बेकार झालेल्या तरुणांच्या सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअरने देशभर शेकडो स्टेट पार्कांत वाटा, पूल आणि निवारे बांधले. जुन्या पार्कात ओबडधोबड दगड-लाकडाची इमारत दिसली तर बहुधा त्यांच्याच हातची.

आपल्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एवढीच की स्टेट पार्क घराजवळ असतं. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जाताना योसेमिटीचा हट्ट धरू नका. दीड-दोन तासांवरचं साधं पार्क बघा. रात्री अकराला कोणाला ताप भरला तर निमूटपणे घर गाठता येतं.

सहा महिने आधी, सकाळी आठ वाजता

कॅलिफोर्नियात आरक्षण सहा महिने आधी उघडतं, रोज सकाळी आठ वाजता. १५ जुलैला पोहोचायचं असेल तर १५ जानेवारीला आठच्या ठोक्याला संगणकापुढे बसायचं. आयआरसीटीसीवर तत्काळचं तिकीट काढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही: खातं आधीच उघडलेलं, लॉगिन झालेलं, साइटचे, म्हणजे तंबूच्या जागेचे, तीन-चार नंबर हेरून ठेवलेले, कार्ड हाताशी. मेच्या शेवटी येणाऱ्या मेमोरियल डेच्या लाँग वीकएंडला जायचं तर ठरवावं लागतं नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आसपास, टर्की अजून पोटात असताना. न्यूयॉर्कात हीच मुदत नऊ महिन्यांची आहे, टेक्सासात पाच.

यात एक मेख आहे. मोजली जाते ती मुक्काम सुरू होण्याची तारीख. तुम्हाला शुक्रवार-शनिवार हवाय आणि दुसऱ्या कोणी गुरुवारपासून तीन रात्री घेतल्या, तर तुमच्या शुक्रवारची खिडकी उघडायच्या आदल्याच दिवशी ती जागा गेलेली असते. अनेक जण आठच्या ठोक्याला बसूनही हात हलवत परत येतात ते यामुळे. उपाय दोन: तुम्हीही गुरुवारपासून घ्या, किंवा रविवार-सोमवारकडे वळा. रविवारी दुपारी कॅम्पग्राउंड रिकामं होताना तिथे पोहोचण्यासारखं सुख नाही, असं माझं मत आहे. सुट्टी टाकता येत असेल तर शनिवारचा नाद सोडाच.

उशीर झालाच असेल तर रद्द झालेल्या जागांवर डोळा ठेवा. सहा महिने आधी उत्साहात घेतलेल्या जागा लोक अगदी जवळ आल्यावर सोडतात, त्यामुळे जायच्या आधीच्या आठवड्यात रोज सकाळ-संध्याकाळ संकेतस्थळ उघडून बघावं. काहीजण तर तीन-तीन वीकएंड अडवून ठेवतात आणि एकाला जातात. संकेतस्थळावर ‘सगळं भरलंय’ आणि पार्कात मात्र टेबलं रिकामी, हा प्रकार इतका वाढला की कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये त्यावर कायदा केला; उशिरा रद्द करणाऱ्याच्या आणि न सांगता गैरहजर राहणाऱ्याच्या खिशाला चाट बसावी अशी त्यात तरतूद आहे.

साइट निवडताना नकाशा नीट बघा. ‘हुकअप’ म्हणजे वीज-पाण्याची जोडणी. ती मोटारघरवाल्यांसाठी, तंबूवाल्यांनी तिचे जादा पैसे भरण्यात अर्थ नाही. ‘वॉक-इन’ म्हणजे गाडी खाली लावून सामान हातात घेऊन चालत जायचं. कधी पन्नास पावलं, कधी चांगली चढण. ‘ग्रुप साइट’बद्दल पुढे बोलू. शौचालयाला खेटून असलेली साइट घेऊ नका, रात्रभर दार आपटतं आणि दिवा डोळ्यांवर येतो. पण भारतातून आलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर फार लांबचीही नको. दोन-तीन साइट सोडून असलेली बरी. काही पार्कांत लाकडी केबिनही मिळतात, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या स्टीप रव्हीनच्या केबिनसारख्या जागा मिळणं म्हणजे मटका लागणंच.

गाडी डांबरावरच का

कॅम्पग्राउंडचा नकाशा कोणत्याही राज्याचा काढा, आकृती एकच: एकेरी वळसा घालून परत येणारा रस्ता, त्याला फुटलेले आखूड फाटे, प्रत्येक फाट्यावर एका कुटुंबाची गाडी, शेजारी बाकाचं टेबल आणि जमिनीत पक्कं बसवलेलं लोखंडी कडं, म्हणजे फायर रिंग. या आकृतीचं श्रेय बऱ्याच अंशी जातं एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाकडे.

१९२० च्या दशकात गाड्या स्वस्त झाल्या आणि लोक थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत गाडी घालून तंबू ठोकायला लागले. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड पार्कांवर या गर्दीचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास माइनेके यांनी केला. रेडवूड तीनशे फुटांच्या वर वाढतो, पण त्याला खोल जाणारं सोटमूळ नसतं. मुळं जेमतेम दहा-बारा फूट खोल जातात आणि साठ-ऐंशी फूट आडवी पसरतात. पाणी-हवा शोषणारी बारीक मुळं तर अगदी वरच्या थरात. तिथून गाड्या आणि हजारो पाय गेले की माती दाबून टणक होते, तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, पावसाचं पाणी मुरण्याऐवजी वरून वाहून जातं आणि झाड खंगत जातं. कोणी कुऱ्हाड चालवलेली नसते, तरी झाड मरतं. जंगलात राहायला येणारा माणूस जंगलावर प्रेम करता करता ते संपवतो, हे त्यांचं निदान.

उपायही त्यांनीच सुचवला: माणसांना पसरू द्यायचं नाही. गाडीचा रस्ता पक्का, गाडी कुठे थांबणार ते पक्कं, चूल कुठे ते पक्कं, टेबलही जड, हलवता न येणारं. वापर ठरलेल्या तुकड्यापुरता राहिला की आजूबाजूचं रान वाचतं. १९३० च्या दशकात वनसेवेने आणि पार्कांनी हा आराखडा उचलला आणि तो अजून चालू आहे.

म्हणून रेंजर गाडीचं चाक मातीत गेलं की येऊन सांगतो. म्हणून तंबू सपाट, आधीच दबलेल्या जागीच टाकायचा. पाच फुटांवरची गवताची मऊ गादी कितीही खुणावत असली तरी. साइटवर आठ माणसांची मर्यादा कॅलिफोर्नियात आणि टेक्सासातही सर्रास दिसते, तीही याच हिशोबातली. आणि तांदळाचं, भांड्यांचं पाणी झाडाच्या मुळाशी ओतणं हे आपल्याला पुण्याचं काम वाटतं, पण इथे ते चालत नाही. साबण आणि शितं दोन्ही तिथे नकोत. शितं गाळून कचऱ्यात आणि पाणी ठरवून दिलेल्या मोरीत.

लाकूड तिथलंच, काटक्याही वेचायच्या नाहीत

होम डेपोतून किंवा शेजाऱ्याच्या अंगणातून लाकडं घेऊन निघालात तर वाटेतच थांबा. २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ एमराल्ड ॲश बोरर नावाचा चमकदार हिरवा किडा सापडला. मूळचा पूर्व आशियातला. त्याच्या अळ्या ॲश झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे खोदतात, झाडाचा रस वाहणारा थर तोडतात आणि काही वर्षांत झाड वाळतं. स्वतः उडून हा किडा वर्षाला थोडकंच अंतर कापतो. पण सालीखाली अळ्या असलेली लाकडं गाडीच्या डिकीत पडली की एका शुक्रवारी दोनशे मैल. अमेरिकेत कोट्यवधी ॲश झाडं या किड्याने गेली, आणि त्याला लांबवर पोहोचवण्यात आमच्यासारख्या शेकोटीप्रेमींचा मोठा हात होता. न्यूयॉर्कात प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपलीकडे न्यायला कायद्यानेच बंदी आहे. इतरत्रही सांगणं एकच: जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या. फाटकावर किंवा कॅम्प होस्टकडे मोळी मिळते. हा होस्ट म्हणजे बहुतेक वेळा निवृत्त जोडपं. मोटारघरात राहून महिनोन् महिने स्वयंसेवा करतात, आणि कॅम्पग्राउंडची खडान् खडा माहिती त्यांच्याकडे असते. गेल्या गेल्या नमस्कार-चमत्कार करून ठेवा.

पडलेल्या काटक्या वेचायलाही कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांत मनाई आहे. आपल्याला हे पटकन पटत नाही. पण सडणाऱ्या लाकडातच बुरशी, किडे, पालीसारखे दिसणारे सॅलमँडर जगतात आणि तेच पुन्हा माती होतं. रोज शंभर कुटुंबांनी एकेक मोळी वेचली तर एका हंगामात रानाचा तळ झाडून काढल्यासारखा होईल.

शेकोटी फक्त फायर रिंगमध्ये. वांगं निखाऱ्यात खुपसून भाजलं तर असं भरीत घरच्या गॅसवर जन्मात होणार नाही, पण ॲल्युमिनियमच्या फॉइलचे तुकडे राखेत सोडून येऊ नका, ते जळत नाहीत. निघताना किंवा झोपताना विझवायची रीत: भरपूर पाणी, काठीने ढवळणं, पुन्हा पाणी, मग हाताचा मागचा भाग जवळ नेऊन ऊब लागते का बघणं. समुद्रकाठी लोक निखाऱ्यांवर वाळू लोटून निघून जातात. ती सगळ्यात वाईट सवय. वाळूखाली निखारे तासन् तास धगधगत राहतात आणि सकाळी एखादं पोर अनवाणी त्यावरून धावत जातं. उन्हाळ्याच्या अखेरीस वणव्याची भीती वाढली की शेकोटीवर सरसकट बंदी येते, कोळशाच्या शेगडीसकट. गॅसचा छोटा बर्नर बहुधा चालतो, पण निघण्याच्या दिवशी पार्काचं पान उघडून खात्री करा. वणवा काय करू शकतो ते बिग बेसिनने दाखवलं: ऑगस्ट २०२० मध्ये विजांनी लागलेल्या आगीत त्या पार्काचा ९७ टक्के भाग होरपळला. जुने रेडवूड बरेचसे तगले, जाड साल कामी आली; इमारती मात्र गेल्या. पार्क पुन्हा थोडंफार उघडायला जुलै २०२२ उजाडला.

अस्वलाची पेटी आणि चिवड्याचा चुरा

सिएरा पर्वतातल्या पार्कांत, ताहो सरोवराकाठी, प्रत्येक साइटवर लोखंडी पेटी असते. तिची कडी अशी की माणसाचा हात आत जातो, अस्वलाचा पंजा जात नाही. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली, म्हणजे भलंमोठं तपकिरी अस्वल, आहे, पण ग्रिझली इथून शंभर वर्षांपूर्वीच संपला. आता उरलंय ते काळं अस्वल, जे नावाला काळं आणि रंगाने बऱ्याचदा तपकिरी असतं. माणसावर ते सहसा येत नाही. त्याला आपल्यात रस नसतो, आपल्या डब्यांत असतो.

आणि त्याचं नाक आपल्या कल्पनेपलीकडचं. ‘वासाची वस्तू’ म्हणजे फक्त जेवण नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाला समजावावं लागतं.

“अगं, कोलगेटपण पेटीत?”

“हो आई, कोलगेटपण. आणि ते ओडोमॉसपण.”

साबण, लिप बाम, सनस्क्रीन, बाळाचे वाइप्स, रिकामा कूलर, कचऱ्याची पिशवी, सगळं आत. आमच्या हिंगाच्या डबीबद्दल तर बोलायलाच नको. गाडीत ठेवून काच लावली की झालं, असं समजू नका. अस्वल गाडीचं दार वरच्या कोपऱ्यातून वाकवून उघडतं. पेटी मोठी नसते, तेव्हा दोन दिवसांसाठी पाच प्रकारची पिठं नेण्याचा मोह आवरा. एकदा माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल परत परत येतं, धीट होतं, आणि शेवटी अनेकदा त्याला मारावं लागतं. त्यामुळे कडी लावायला विसरणाऱ्याची शिक्षा बहुतेक वेळा अस्वल भोगतं.

अस्वलाचं सगळ्यांना माहीत असतं. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डोंगरातली, म्हणजे बिग बेसिनच्या भागातली, गोष्ट मात्र फार कमी जणांना ठाऊक असते, आणि मला तीच जास्त थक्क करते.

मार्बल्ड मरलेट नावाचा एक समुद्रपक्षी आहे. कबुतरापेक्षा लहान, दिवसभर समुद्रात बुड्या मारून मासे पकडणारा. तो अंडी कुठे घालतो हे शास्त्रज्ञांना कित्येक दशकं सापडेना. समुद्रपक्षी म्हणून कड्याकपारी शोधल्या, तिथे नाही. १९७४ मध्ये बिग बेसिनमध्ये झाडाच्या फांद्या तोडायला सुमारे दीडशे फूट उंच चढलेल्या एका कामगाराला शेवाळाने मढलेल्या जाड फांदीवर पिल्लू बसलेलं दिसलं. समुद्रावर जगणारा हा पक्षी अंड्यासाठी मैलोन् मैल आत उडून येतो आणि शेकडो वर्षं जुन्या झाडाच्या रुंद फांदीवर, घरटं न बांधता, शेवाळाच्या खळग्यात एकच अंडं घालतो. वर्षाला एक.

आता आपल्या टेबलाकडे या. स्टेलर्स जे हा निळा, डोक्यावर काळा तुरा असलेला कर्कश पक्षी प्रत्येक साइटवर हजर असतो. मुलं त्याला शेव टाकतात, तो हातभर अंतरावर येतो, फोटो छान येतो. कावळ्यांच्या कुळातला हा पक्षी हुशार आणि स्मरणशक्तीचा पक्का. जिथे फुकटचं खायला मिळतं तिथे गर्दी करतो. कॅम्पग्राउंडच्या आसपास या पक्ष्यांची आणि डोमकावळ्यांची संख्या बाकीच्या रानापेक्षा कितीतरी जास्त असते. पोट भरल्यावर ते आजूबाजूच्या फांद्या धुंडाळतात, आणि त्यांना ते एकुलतं एक अंडं सापडतं. म्हणून या पार्कांत ‘क्रम्ब क्लीन’ नावाची मोहीम चालते: चुरा एवढासाही पडू द्यायचा नाही. मरलेट कॅलिफोर्नियात संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे, आणि त्याची इथली शेवटची झाडं नेमकी आपण जिथे तंबू टाकतो तिथे आहेत.

चिवडा हा या दृष्टीने अत्यंत धोकादायक पदार्थ! पोहे, शेंगदाणे, डाळं, सगळंच सुटं आणि पक्ष्याच्या चोचीच्या मापाचं. एक उपाय चालतो: टेबलावर आणि खाली जुनी चादर अंथरायची, खाणं झालं की चारी कोपरे धरून चुरा थेट कचऱ्याच्या पिशवीत झटकायचा. किंवा सरळ थालीपिठं न्या. थालीपीठ सांडत नाही.

पूर्वेकडच्या वाचकांसाठी इथेच एक जोड: न्यू जर्सीत काळी अस्वलं सगळ्याच्या सगळ्या २१ काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) आढळतात, तेव्हा हे फक्त पश्चिमेचं प्रकरण समजू नका. आणि तुमच्याकडे गोचिडी जास्त, चाव्यातून लाइम रोग पसरवणाऱ्या. संध्याकाळी मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे, केसांत बोटं फिरवून बघा.

थंडी खालून येते

‘जुलै आहे, एक चादर पुरे’ म्हणणाऱ्याला हाफ मून बेच्या किनाऱ्यावर एक रात्र काढायला लावावी. समुद्रावरून धुकं आत येतं आणि पारा १२-१३ सेल्सियसपर्यंत उतरतो. डोंगरात दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी तापमान घटतं.

थंडी वाजते ती बहुतेक खालून. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे असते. आपल्या वजनाने खालचा भराव चपटा झाला की हवा जाते आणि जमीन अंगातली उष्णता ओढून घेते. वरून तीन रजया घेऊनही पाठ गार राहते ती यामुळे. घरी पाहुण्यांसाठी असलेली जाड हवेची गादी तर आणखी वाईट, कारण तिच्या पोटातली मोकळी हवा फिरत राहते आणि गार पडते. बॅगेखाली अंथरायची मॅट घेताना तिच्यावरची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, बघा: उन्हाळ्याला दोनच्या आसपास चालते, गारठ्याला चार किंवा वर. बॅगेवर लिहिलेलं तापमान ‘आरामात झोप लागेल’ असं सांगत नाही. बरेचदा ते तगून राहण्याच्या हद्दीचं असतं. पाच-सहा अंश सेल्सियसची सूट धरूनच घ्या.

गार वाटलं म्हणून शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं किंवा गॅसचा हीटर तंबूत कधीही घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. स्वयंपाकही बाहेरच, पाऊस असला तरी. गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा नीट बूच लागणारी बाटली पायाशी घेतली की काम भागतं.

अंताक्षरीची वेळ

कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. जनरेटर सकाळी दहा ते रात्री आठ एवढाच. गाण्यांबाबत नियम त्याहून कडक आहे आणि अनेकांना माहीत नसतो: स्पीकरचा आवाज दिवसाच्या कुठल्याही वेळी आपल्या साइटबाहेर ऐकू जाता कामा नये. तंबूची भिंत म्हणजे कापड. पलीकडच्या माणसाला तुमची कुजबुजसुद्धा ऐकू येते.

आपली मंडळी बारा-पंधराशिवाय हलत नाहीत, हे मान्य करूनच आखणी करावी. चार शेजारच्या साइट घेऊन एकीवर वीस जणांनी जमायचं, हे आठ माणसांच्या मर्यादेत बसत नाही आणि होस्ट येऊन सांगतो तेव्हा उगाच तोंड वाईट होतं. त्यापेक्षा ग्रुप साइट घ्या: पंचवीस-पन्नास माणसांची सोय, लांब टेबलं, मोठी फायर रिंग, बाकीच्यांपासून जरा बाजूला. माणशी खर्चही कमी येतो. दहानंतरची शांतता तिथेही आहेच, तेव्हा अंताक्षरी आठला सुरू करा आणि ‘म’ वर अडकलेल्या काकांना पावणेदहाला सोडवा.

मुलांसाठी जाताना दोन गोष्टी विचारून घ्या. अनेक पार्कांत ज्युनिअर रेंजर कार्यक्रम असतो आणि शनिवारी रात्री रेंजर शेकोटीभोवती गोष्टी सांगतात. चौथीतल्या मुलाच्या नावाने कॅलिफोर्नियात ठरावीक पार्कांचा दिवसाच्या प्रवेशाचा मोफत पास मिळतो. सार्वजनिक ग्रंथालयातूनही पुस्तकासारखा पार्कांचा पास घरी आणता येतो, तोही दिवसाच्या पार्किंगसाठीच. तंबू ठोकायचीच धास्ती असेल आणि तुम्ही टेक्सासात असाल, तर तिथलं पार्क खातं ‘टेक्सास आउटडोअर फॅमिली’ नावाने कार्यशाळा घेतं. तंबूपासून चुलीपर्यंत सगळं तेच देतात. पेनसिल्व्हेनियातलं चेरी स्प्रिंग्ज हे पार्क गर्द अंधारासाठी नावाजलेलं आहे, तिथे तारे बघायच्या मैदानात पांढरा दिवा लावायला मनाई आहे. जाणार असाल तर टॉर्चला लाल जिलेटिन लावून न्या.

पहिल्या खेपेला एकच रात्र काढा आणि तंबू आधी घराच्या अंगणात किंवा जवळच्या बागेत एकदा उभा करून बघा. खांब कमी निघाला तर तिथे कळलेलं बरं. कॅलिफोर्नियात साइट दुपारी दोनला ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागते. सकाळी दवाने तंबू ओला असतो आणि बाराच्या घाईत तसाच गुंडाळला जातो. घरी पोहोचलात की आंघोळीच्या आधी तो बाल्कनीच्या कठड्यावर पसरा, नाहीतर पुढच्या खेपेला उघडताना बुरशीचा वास येईल, आणि तो कापडातून काही केल्या जात नाही.